लवकर आलेल्याची जागा

शेजाऱ्यांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि पाण्यावर मांडलेली प्लॅस्टिकची बदकं ते एकेक करून उचलू लागले, तेव्हा सूर्य वर येऊन फार वेळ झाला नव्हता. त्या जागेसाठी आम्ही मध्यरात्रीनंतर घर सोडलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटो खोऱ्यात, शिकारीला परवानगी असलेल्या एका सरकारी पक्षी अभयारण्यात, डिसेंबरच्या दाट धुक्यात, मांडीभर पाण्यातून आणि पाय धरून ठेवणाऱ्या चिखलातून चालत आम्ही लव्हाळ्याच्या एका बेटापाशी पोहोचलो होतो. थव्यांना भुलवायची खोटी बदकं मांडून झाली, शेजाऱ्यांचा काळा लॅब्रेडॉर त्याच्या फळीवर बसला, थर्मासमधली कॉफी वाटून झाली. पहिला बार काढायच्या वेळेला थोडा अवकाश असताना तीन तरुण आले आणि आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहिले. बदकं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. म्हणजे आमच्याकडे येणारा प्रत्येक थवा आधी त्यांच्या डोक्यावरून येणार होता. शेजाऱ्यांनी हेडलॅम्प एकदा लावला आणि विझवला. इथे माणसं आहेत, एवढंच सांगणारा तो इशारा. समोरून काही उत्तर आलं नाही. उजाडलं, थवे घिरट्या घालत खाली यायला लागले, आणि ते अजून खूप उंचावर असतानाच त्या पोरांनी बार काढायला सुरुवात केली. पक्षी उधळायचे. मग पुढचा थवा, पुन्हा तेच. शेजाऱ्यांनी एकही बार काढला नाही. काही वेळ बघत राहिले आणि सामान आवरायला घेतलं.

आम्ही निघता निघता त्यांचा एक बार लागला. तलवार बदकाचा नर होता. पंख लुळा पडलेला तो पक्षी आमच्या डोक्यावरून तिरपा जाऊन मागच्या लव्हाळ्यात कोसळला. पोरांना नक्की कुठे पडला ते दिसलं नव्हतं. ती भलत्याच बाजूला पाणी तुडवत शोधत होती. शेजारी थांबले. हातातलं सामान त्यांनी ओढायच्या स्लेजमध्ये ठेवलं, कुत्र्याला हातानं दिशा दाखवली, आणि कुत्रा लव्हाळ्यात शिरून बाहेर येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. पक्षी जिवंत होता. त्यांनी एका झटक्यात त्याची मान मोडली, चालत जाऊन तो एका पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, “अजून जरा खाली येऊ देत जा त्यांना.” बस्स. आवाज चढला नाही, टोमणा नाही. पोरगा ओशाळला की नाही, ते धुक्यामुळे मला दिसलं नाही.

ट्रकमध्ये बसल्यावर मी बोलले. तुम्ही त्यांना काहीच कसं म्हणाला नाहीत, ती आपली जागा होती, आपण त्यांच्या आधी तासभर तिथे होतो, असं बरंच काही. शेजाऱ्यांनी हीटर वाढवला, कुत्र्याच्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, “आपली कुठे होती? मी फक्त लवकर आलो होतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी शिकार करत नाही आणि करणारही नाही. त्यांच्याबरोबर जायला लागले त्याचं कारण एक थापट्या बदक. आम्ही या खोऱ्यात राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत टेबलावर त्या दिवशीचे पक्षी ओळीनं मांडलेले होते. त्यात फावड्यासारख्या चोचीचा तो होता. मी त्याला ओळखत होते. उजनीच्या पाणफुगवट्यावर, आईच्या माहेरी, हिवाळ्यात काठाशी चोच पाण्यावर धरून गोलगोल फिरणारे थापट्यांचे घोळके बघत मी मोठी झाले आहे. तिकडे येणारे थापटे सायबेरियाकडून येतात, इकडचे अलास्काकडून. जात एकच. त्या टेबलापाशी मला एकाच वेळी गहिवरून आलं आणि मळमळलंही. शेजाऱ्यांना मी म्हटलं, हा पक्षी आमच्या गावचा आहे. त्यांनी हात पुसले आणि पुढचा तासभर ते मला उजनीबद्दल विचारत राहिले. पाणी किती खोल, तळ चिखलाचा की खडकाचा, काठाला काय उगवतं, पक्षी कधी येतात, कधी जातात. पुण्यातही मला इतक्या मनापासून कुणी उजनीबद्दल विचारलेलं नाही.

बंदुकीशिवाय सोबत जाता येतं, म्हणून मी जाऊ लागले. शिकारीचे वार ठरलेले: बुधवार, शनिवार, रविवार. आदल्या रात्री तपासनाक्याबाहेरच्या मोकळ्या जागेत ट्रकांच्या रांगा लागतात. ज्यांचं नाव आधीच्या सोडतीत निघालं त्यांना आधी सोडतात. बाकीचे ताटकळत उभे असतात. त्या रांगेला इथे ‘स्वेट लाईन’ म्हणतात. डिझेलचा वास, पिंजऱ्यांत कुत्र्यांचं कुईंकुईं, ट्रकच्या केबिनमध्ये पांघरूण घेऊन झोपलेला बाप आणि त्याच्या मांडीवर पाय टाकून झोपलेलं पोर. कुणीतरी गॅसच्या शेगडीवर अंडी परतत असतो आणि अनोळखी माणसाला विचारतो, खाणार का? खिडकीतला कर्मचारी परवाना देतो. आत किती माणसं सोडायची ते ठरलेलं असल्यामुळे एखादी टोळी बाहेर पडली की रांगेतली पुढची आत जाते. मनासारखे पक्षी मिळाल्यावर आत उगाच रेंगाळायचं नाही, बाहेर कुणीतरी पहाटेपासून वाट बघतंय, ही इथली पहिली शिकवण. ती कुठल्याही फलकावर लिहिलेली मी पाहिली नाही.

लिहिलेले नियम पुष्कळ आहेत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच बार. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. आत नेताना पंचवीसच्या वर काडतुसं न्यायची नाहीत. दिवसाला सात बदकं, त्यात मॅलार्ड जातीच्या माद्या दोनच. शिशाचे छर्रे तर १९९१ पासून साऱ्या देशात पाणपक्ष्यांसाठी बंद आहेत, कारण तळाशी पडलेलं शिसं चरताना बदकांच्या पोटात जातं आणि ती झुरून मरतात. शेजाऱ्यांना हे सगळं पाठ आहे. पण जिथे आखलेले आडोसे नाहीत, माणसानं हवं तिथे जावं अशा मोकळ्या भागात कुणी कुणापासून किती लांब उभं राहायचं, ते पुस्तकात नाही, असं ते म्हणतात. ते मला त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. अंधारात दिवा दिसला तर तिथून वळायचं, आणि जागा फारच थोडी असेल तर जवळ जाऊन विचारायचं, ‘तुम्ही किती जण, कुठल्या बाजूला बार काढणार?’ दुसऱ्याच्या मांडलेल्या बदकांवर घिरट्या घालणारा थवा आपल्या डोक्यावरून गेला तरी बंदूक उचलायची नाही. तो त्याचा थवा, त्यानं शिट्टी वाजवून बोलावलेला. चाळीस यार्डांच्या पलीकडे बार काढायचा नाही, कारण तिथून पक्षी मरत नाही, नुसता जखमी होतो आणि दूर जाऊन कुजतो. पहाटेच्या पहिल्या तासात उठून चालू लागायचं नाही. आपली रिकामी काडतुसं उचलायची, आणि आधीच्याची दिसली तर तीही. दोघांनी एकाच वेळी बार काढला आणि पक्षी कुणाचा ते कळलं नाही, तर ‘तुझा’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. जखमी पक्षी दुसऱ्याच्या हद्दीत पडला, तर ती टोळी बंदुका खाली करून तुम्हाला येऊ देते. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे शेवटचं चुकता कामा नये, असं ते बजावतात.

त्या दिवशी त्यांनी नेमकं हे शेवटचंच पाळलं होतं.

मारण्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. तलवार बदकाच्या नराचं डोकं चॉकलेटी असतं, त्यातून पांढरी रेघ मानेवर चढत जाते, आणि पाठीवरची राखी नक्षी इतकी बारीक की बोटानं पिसं फिरवली तरच दिसते. असा पक्षी हातात घेतला की तो बराच वेळ ऊबदार असतो. मी तो हातात घेते, कारण बघायला गेलेल्या माणसानं तेवढं तरी टाळू नये असं मला वाटतं. गावाकडे कोंबडी कापताना मी कधी तोंड फिरवलं नाही. पण कोंबडी घरची होती, तिला आपण दाणे टाकले होते. हा मात्र कुणाच्याच दाण्यांवर वाढलेला नाही, आणि हजारो मैल उडून इथे आला तो या चिखलातलं बी आणि किडे खायला. दुसरीकडे, शेजारी एकही पक्षी वाया घालवत नाहीत. सोलण्याचं काम टळावं म्हणून नुसती छाती काढून बाकीचा पक्षी फेकणाऱ्यांवर ते चिडतात. हाडांचं सूप होतं, चरबी बरणीत जाते. आमच्या दारात दर हिवाळ्यात साफ केलेले दोन पक्षी वर्तमानपत्रात गुंडाळून येतात. मी ते काळ्या मसाल्यात करते. खाताना तो प्रश्न ताटात असतोच.

आणि एक गोष्ट मला नाकारता येत नाही. मी ज्या पाण्यात उभी राहते, ते पाणी तिथे आहे ते बऱ्याच अंशी या मारणाऱ्या माणसांमुळे. या खोऱ्यातल्या नद्या पूर्वी दर हिवाळ्यात पसरायच्या. बांध घातले, शेतं झाली, आणि जुन्या पाणथळ जमिनीतली ९० टक्क्यांहून अधिक गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात विकायला पोत्यांनी बदकं मारली जात होती. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यानं तो धंदा मोडला. मग तिशीच्या दशकात दुष्काळ आला, धुळीची वादळं आली, मधल्या राज्यांतली तळी आटली, आणि बदकं झपाट्यानं घटली. त्या वेळी ‘डिंग’ डार्लिंग नावाचे व्यंगचित्रकार सरकारच्या वन्यजीव खात्याचे प्रमुख झाले. १९३४ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांसाठी एक तिकीट सक्तीचं झालं. किंमत एक डॉलर, आणि त्यावरचं उतरणाऱ्या मॅलार्डांचं चित्र खुद्द डार्लिंग यांचं. आज ते तिकीट २५ डॉलरचं आहे, आणि डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जमीन विकत घ्यायला आणि राखायला जातात. या खोऱ्यातलं सॅक्रॅमेंटो अभयारण्य १९३७ मधलं. आता इथे शरद ऋतूत कालव्यांतून पाणी सोडून तळी भरावी लागतात, पाणी किती इंच ठेवायचं ते ठरवावं लागतं. आसपासच्या भातशेतकऱ्यांनी पूर्वी सुगीनंतर तूस-पेंढा जाळून आभाळ काळं करायचं आणि लोकांनी खोकायचं असा क्रम होता. १९९१ च्या कायद्यानं जाळणं टप्प्याटप्प्यानं कमी केलं, तेव्हा पेंढा कुजवायला शेतं हिवाळ्यात पाण्यानं भरायला लागली, आणि बदकांना आयती लाखो एकर तळी मिळाली. हवा स्वच्छ व्हावी म्हणून केलेला कायदा पक्ष्यांच्या इतका कामी आला, हे मला फार आवडतं. मी ते तिकीट दर वर्षी घेते. बंदूक नसलेल्यालाही ते घेता येतं.

उरलेल्या पाणथळ जमिनीतली बरीच खासगी डक क्लबांच्या मालकीची आहे. तिथे सभासदत्व लागतं, आडोसे बांधलेले असतात, आपल्या आडोशाच्या वाटेवर दुसरं कुणी येत नाही. शेजारी आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मेकॅनिक. ज्या मालकांचे ट्रॅक्टर त्यांनी दुरुस्त केले त्यांच्यातले कितीतरी अशा क्लबांत होते. शेजाऱ्यांनी मात्र वडिलांबरोबर जी सुरुवात केली ती सरकारी जमिनीवर, आणि आजही तिथेच जातात. म्हणून “आपली कुठे होती” हे त्यांच्या तोंडी नुसतं सौजन्य नव्हतं. ज्याच्याकडे स्वतःचं तळं कधीच नव्हतं त्या माणसाचं ते वाक्य होतं. सगळ्यांची जमीन म्हणजे त्यांना मिळालेली एकमेव जमीन. तिच्यावर भांडण उभं राहिलं की तिची चव जाते, असं त्यांना वाटत असावं. मी विचारलं नाही. वाटतं एवढंच.

शिस्त तर मालकांच्या शिकारीतही असते. भरतपूरच्या केवलादेवला महाराजांची बदकांची शिकार व्हायची, आणि कोणत्या दिवशी कोण पाहुणे आले, किती बंदुका होत्या, किती पक्षी पडले, ते तिथल्या दगडावर कोरून ठेवलं आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या टोळीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो दगड मी तरुणपणी पाहिला होता तेव्हा फक्त आकडा डोळ्यांत भरला होता. आता आठवतो तेव्हा वेगळं दिसतं. प्रत्येक पाहुण्याला आपली जागा नेमून दिलेली, हाकारे घालणारे वेगळे, पक्षी गोळा करणारे वेगळे, सगळं कसं आखीव. तिथे कुणालाच कुणासाठी मागे सरावं लागत नव्हतं. ज्याची जमीन त्यानं बोलावलेली माणसं, आणि किती पक्षी मारायचे याला मर्यादा नव्हती.

मला आठवतं ते मामांचं शिवार. भीमेवर उजनीचं धरण झालं आणि आईच्या माहेरची काळी जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, पळसदेवच्या पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि मागे राहतो तो गाळ. त्या गाळपेर जमिनीत पाऊस येईपर्यंत एक पीक निघतं. भुईमूग, काकडी, जनावरांना कडवळ. कागदावर ती जमीन सरकारची. पण मामा मला ओल्या गाळावरून चालवत न्यायचे आणि एका ठिकाणी थांबून म्हणायचे, “इथनं आपलं संपलं. ह्याच्या पुढं पाटलांचं.” तिथे काहीही नव्हतं. बांध वाहून गेला होता, बाभळी कुजून गेल्या होत्या. समोरच्या टेकडीवरचं एक झाड आणि देवळाचं शिखर यांची रेघ धरून ते ठरवायचे. शेजारचाही तशीच रेघ धरून त्याच जागी थांबायचा. बुडालेल्या बांधाला माणसं मान देत होती. नेहमी नाही. एका वर्षी दोघा चुलतभावांत पाण्याचं इंजिन कुणी कुठे लावायचं यावरून कुऱ्हाडीपर्यंत गेलं, आणि एकाला इंदापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. सगळ्यांची जमीन भांडणाशिवाय चालते असं गोड चित्र मला रंगवायचं नाही. पण जास्त वर्षं ती चालली, आणि चालवणाऱ्यांपाशी कागद नव्हता.

त्या गाळावर हिवाळ्याच्या अखेरीस चक्रवाकांच्या जोड्या चरायच्या, आणि मी शाळेत असताना कधीकधी जीपमधून बंदूकवाले यायचे. त्यांचा परवाना बघायची कुणाची छाती नव्हती. भुईमुगात जीप घालायची, थव्यात बार काढायचे, हाताला लागतील ते पक्षी उचलायचे आणि जायचं. पंख मोडलेले चक्रवाक मग दोन-तीन दिवस काठाशी फरपटत असायचे, आणि जोडीदार जवळपास ओरडत फिरायचा. मामी तो आवाज ऐकवत नाही म्हणून परसदाराची कडी लावून घ्यायची. माझ्या लेखी ‘शिकारी’ म्हणजे ती जीप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडची शिकार बंद झाली, आणि ती जीप दिसेनाशी झाली याचा मला आजही आनंद आहे. शेजाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “पडलेले पक्षी ते शोधायचेच नाहीत?” त्यांना यातली ही एकच गोष्ट कळेना.

खरं तर आपल्याकडे सामाईक रानाची शिकार फार जुनी, आणि तिच्या रीती जीपवाल्यांच्या नव्हत्या. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. एकाच माळावर नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी वावरायचे. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागे. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर धरणारे. पारध्यांचे फास काळविटांसाठी, तितर-लाव्यांसाठी. मुलूख एकच, पण ज्याचं त्याचं जनावर वेगळं, त्यामुळे एकानं दुसऱ्याच्या तोंडचा घास काढायचा प्रसंग कमी. हे वाचलं तेव्हा मला माळाकडे बघण्याची नवी नजर मिळाली. आम्ही ज्याला ओसाड समजत होतो तिथे इतकी बारीक वाटणी होती. आणि ज्यांनी ती पाळली त्या पारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींत घातलं. १९५२ मध्ये कागदावरून तो शिक्का पुसला, पण आमच्या गावात पारध्यांचं पाल पडलं की माणसं रात्री अंगणातली भांडी आत घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जीपवाल्यांना मात्र सरपंचाच्या घरी चहा मिळायचा.

म्हणून त्या सकाळचा माझा राग कशावर होता, हे मी स्वतःला विचारत राहिले. तीन पोरांवर होता, हे खरं. पण शेजाऱ्यांवर जास्त होता. हक्क सोडून दिला म्हणून. आमच्याकडे सामाईक गोष्टीवरचा हक्क सोडला की तो गेला, हे मी लहानपणापासून बघत आले. एक वर्ष गाळात नांगर घातला नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्याचा चालतो. बोअरच्या रांगेतून घागर उचलली की नंबर गेला. त्यामुळे मागे सरणारा माणूस मला दुबळा वाटतो, आणि ही माझ्या हाडीमाशी खिळलेली गोष्ट आहे, ती एका सकाळीत निघणार नाही. पण शेजारी दुबळे नव्हते. तीन भरलेल्या बंदुका, अर्धवट उजेड, दोन्ही बाजूंना राग, हे सगळं त्यांना दिसत होतं. शिवाय आणखी एक. ते तिथेच थांबले असते, तर त्या टोळीनं थवे आणखी उंचावर असतानाच बार काढले असते, आमच्याआधी गाठायचे म्हणून. जखमी पक्षी वाढले असते. शेजाऱ्यांनी जागा सोडली तेव्हा चढाओढ संपली. पुढच्या अर्ध्या तासात बांधावरून चालत जाताना मी ऐकत होते, बार कमी झाले होते.

तरी मला पटलंय असं म्हणणार नाही. दर वेळी समजूतदार माणूसच बांधावरून परत फिरला, तर ते पाणी शेवटी कुणाकडे राहील? तपासनाक्यावरच्या रांगेत जुनी माणसं अलीकडे हेच बोलतात. मोबाइलवर कुणीतरी चांगल्या जागेचा व्हिडिओ टाकतं, पुढच्या शनिवारी तिथे वीस ट्रक. नव्या पोरांना घेऊन जाणारा बाप नाही, आजोबा नाही, ती बिचारी पडद्यावर बघून शिकतात, आणि पडद्यावर फक्त पक्षी पडताना दिसतो. शेजारी यावर तक्रार करत नाहीत. ते म्हणतात, त्यांना कुणीतरी पक्षी आणून द्यायला हवा आणि एक वाक्य बोलायला हवं, वाक्य एकच, जास्त बोललं की ऐकत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. भिगवणच्या बाजूनं आता नावा निघतात, कॅमेरेवाले येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं असतात, आणि ते मला फार चांगलं वाटतं. एकाच थव्याभोवती तीन नावा होत्या. एका नावेतल्या माणसाला उडणाऱ्या रोहितांचा फोटो हवा होता. त्यानं नावाड्याला सांगितलं, आणि नाव सरळ थव्यात गेली. सगळा थवा उठला, गुलाबी पंखांचा तो पट्टा आमच्या डोक्यावरून गेला, आमच्या नावेतली मुलं टाळ्या वाजवू लागली. सुंदर दिसलं, यात शंका नाही. उथळ पाण्यात डोकं उलटं घालून चरणारे ते पक्षी मग लांब जाऊन उतरले, आणि तिन्ही नावा तिकडे वळल्या. आमचा नावाडी वळवताना जरा घुटमळला, मी नको म्हटलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. काठाशी थापटे फिरत होते, ते बघत आम्ही थांबलो.

फोटो मी कॅलिफोर्नियाला शेजाऱ्यांना पाठवला. थापट्यांचा, आणि मागे त्या नावा. मला वाटलं होतं ते पक्ष्यांबद्दल लिहितील. त्यांचं उत्तर आलं त्यात नुसते प्रश्न होते. किती नावा असतात? एकीपासून दुसरी किती लांब ठेवतात? सकाळी पहिली कुणाची निघते आणि ते कोण ठरवतं? थव्याजवळ आधी कुणी असेल तर मागून आलेला काय करतो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली. बाकीच्यांसाठी मी नावाड्याला फोन केला. तो म्हणाला, “काठावर नंबर असतो ताई, रिक्षा स्टँडसारखा. त्यात कुणी घुसत नाही. पण एकदा पाण्यात गेलं की ज्याचं त्याचं. गिऱ्हाईक म्हणतं तिकडं.” मी विचारलं, म्हणजे पाण्यात काहीच रीत नाही? तो जरा थांबला. “असं कसं? जाळं असतं ना. भोयांची जाळी असतात, वर बाटल्या तरंगत असतात खुणेला. त्यावरनं नाव न्यायची नाही. कितीबी घाई असू दे, गिऱ्हाईक कितीबी ओरडू दे, वळसा घालायचा. माझ्या वडलांपासनं आहे हे. ते सगळे पाळतात.”

हे मी शेजाऱ्यांना जसंच्या तसं लिहून पाठवलं, बाटल्यांसकट.